सोळा नंबरची सुई

४ जानेवारी

अक्का,

पायांवर डोकं ठेवायचं तर गुडघे वाकत नाहीत, म्हणून नमस्कार कागदावरच ठेवतो. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू पदरचं घालतेस, त्यापेक्षा पत्र बरं.

एक काम आहे. आधी तक्रार ऐक, मग काम.

मी शिलाई मशीनच्या दुरुस्तीचे व्हिडिओ टाकतो हे तुला माहीत आहे. शेजारची शिवणवाली आपल्या कामातून वेळ काढून फोन धरते आणि मी मशीन उघडून बोलतो. वर्ष झालं. परवा एकाने खाली लिहिलं, "म्हातारबा, मशीनचे राहू द्या, आधी तुमचे सुटे भाग बदला." पंचवीस जणांनी त्याला अंगठा दिला. आता यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? काही नाही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. पण ती समोर उभं राहून बोलायची, मीही दोन शब्द सुनवायचो आणि फिट्टंफाट व्हायची. इथे कोणाला सुनवायचं? तीन दिवस नुसतं दुकान उघडून बसलोय. दोन मशीनं उघडी पडलीत, त्यांचे स्क्रू वाटीत घालून ठेवलेत, आणि हात लावावासा वाटत नाही.

घरच्यांचं म्हणशील तर आनंदीआनंद आहे. मावसभाऊ व्हिडिओ टाकल्यावर अकराव्या सेकंदाला "मस्त!" लिहितो. व्हिडिओ असतो तेरा मिनिटांचा. मेव्हण्यांनी सगळ्या गोतावळ्यात फर्मानच काढलंय की उघडायचा, अंगठा द्यायचा आणि बंद करायचा. कुठल्या मिनिटाला किती माणसं उठून गेली त्याचा आलेख असतो, तो मला शिवणवालीने दाखवला. पहिल्या मिनिटात जी झुंडीने उठतात ती सगळी आपलीच. परक्यांना वाटतं, एवढी माणसं उठली म्हणजे यात काही राम नसणार. चुलत सून विचारते, "टीव्हीवर कधी दिसणार?" सगळ्यांचा जीव आहे माझ्यावर, नाही असं नाही. पण एकालाही विचार की काल मी कोणतं मशीन दाखवलं. मावसभाऊ म्हणेल, "शिलाईचं."

तर काम असं. खाली लोक जे लिहितात ते माझ्याआधी तू वाच. घाण असेल ती काढ, बाकी माझ्यासाठी ठेव. खात्याची किल्ली सोबतच्या चिठ्ठीत लिहिली आहे, पाठ करून चिठ्ठी फाड. चांगलं लिहिणाऱ्यांना मी उत्तर देईनच. आजवर एकालाही उत्तराशिवाय सोडलेलं नाही. आपल्या दुकानात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायची पद्धत नाही.

तुझा,
धाकटा


२१ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद. किल्लीने दार उघडलं, आत डोकावले आणि म्हटलं, अगं बाई, हा तर आपला वॉर्ड!

बत्तीस वर्षं मेट्रन होते मी. आजारी माणसाला दुखण्यापेक्षा भेटायला येणारे जास्त छळतात, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. कॉटवर बसून "किती वाळलात हो!" म्हणणारे, शेजारच्या कॉटवरचा कसा गेला त्याचं वर्णन करणारे. बखोट धरून बाहेर काढायचे मी. मोठे डॉक्टरसुद्धा मला बघून आवाज खाली आणायचे. तेव्हा तू निर्धास्त राहा. तुझ्या उशाशी आता फक्त चांगली माणसं बसतील.

आतापर्यंत नऊ जणांचं लिखाण पुसलं. एकाला तर कायमचाच बाहेर घातला. "सोळा नंबरची सुई" असलं काहीतरी नाव लावून आला होता. काय लिहिलं होतं ते विचारू नकोस, तुझ्या तब्येतीवरून होतं आणि वाचून माझं डोकं सणकलं. तशी सोय आहे त्यात. एक बटण दाबलं की त्या माणसाचं पुढचं सगळं लिखाण एका वेगळ्या पेटीत जाऊन पडतं. त्याला वाटत राहतं की आपण लिहिलेलं सगळ्यांना दिसतंय. दिसत कोणालाच नाही, आपण पेटी उघडली तरच. मी कशाला उघडू?

खरं सांगू का, मला हे काम आवडलंय. इथे दोन खोल्या, एक गॅलरी आणि समोरच्या बिल्डिंगीची पाठ. कानातलं यंत्र लावलं की सगळ्या जगाच्या भांड्यांचा आवाज येतो, काढलं की काहीच नाही. निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून घाईने करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता चहा घेता घेता मी तुझ्या दारावर हजर असते. कोणीतरी आपली वाट बघतंय असं वाटतं, मग ते शिवीगाळ करणारे का असेनात.

जेवण वेळेवर घे.

अक्का


११ फेब्रुवारी

अक्का,

तुझी झाडलोट झकास. कामाला हात लागला. वाटीतले स्क्रू परत जागेवर गेले, दोन्ही मशीनं आपापल्या घरी गेली. सात व्हिडिओ झाले या महिन्यात. शिवणवाली म्हणते, "काका, आता तुम्ही बोलताना कॅमेऱ्याकडे बघता, आधी जमिनीकडे बघायचात."

आता खाली सगळी स्तुती असते. वाचायला बरं वाटतं. दुसऱ्यांदा वाचलं की गोड जास्त होतं. मागच्या आठवड्यात मी तेल घालायच्या छिद्राऐवजी दुसऱ्याच छिद्राला बोट लावून "इथे दोन थेंब" म्हणालो. शूटिंग संपल्यावर लक्षात आलं. म्हटलं, राहू दे, बघू कोणी बोलतंय का. पन्नास जणांनी लिहिलं, "छान माहिती काका." एकानेही चूक धरली नाही. मला वाटतं, कोणी नीट बघतच नसावं.

तू तरी बघतेस ना?

एका अगदी जुन्या, हाताने फिरवायच्या मशीनचा व्हिडिओ टाकलाय. तीन दिवस खपलो त्यावर. अकरा जणांनी बघितला.

तुझा,
धाकटा


८ मार्च

धाकट्या,

बघते म्हणजे काय, रोज बघते. सगळा वॉर्ड लख्ख ठेवलाय. बासष्ट जण बाहेर काढले.

एक विचारायचंय. ज्या मशीनला आता भंगारवालाही हात लावत नाही, त्यावर तू तीन तीन दिवस का घालवतोस? "दोरा का तुटतो" याला हजारोंनी माणसं आली होती. लोकांना जे हवं ते द्यावं. मावसभाऊसुद्धा हेच म्हणत होता, आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं बोलला. तुझा हट्ट लहानपणापासूनचा. पण या वयात कोणासाठी?

थंडी गेली. माझा डावा डोळा जरा कुरकुरतोय, घाबरण्यासारखं नाही.

अक्का


२ एप्रिल

अक्का,

तू "कोणासाठी" विचारलंस. तीन वेळा उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. आज लिहूनच टाकतो.

तुझ्या भाच्यासाठी.

तो बाहेरगावी नोकरीला गेला असं मी तुला सांगितलं होतं. गेला हे खरं. पण मी घालवला म्हणून गेला. सहा वर्षं झाली. दुकानात एक बाई बसल्या होत्या, त्यांच्या मशीनचं शटल, म्हणजे सुईचा दोरा पकडणारा खालचा भाग, मी बसवत होतो, आणि स्क्रू दोनदा हातातून पडला. तो म्हणाला, "बाबा, तुमचा हात थरथरतो. मला द्या." एवढंच. हळू आवाजात म्हणाला. पण गिऱ्हाइकासमोर म्हणाला. माझा तोल गेला. ज्या हाताने तुला शिकवलं त्यालाच नावं ठेवतोस, दुकानातून चालता हो, असं बरंच बोललो. त्याने हत्यारांची पिशवी टेबलावर ठेवली, त्या बाईंना "मावशी, येतो" म्हणाला आणि गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नंबर बदलला. त्याची आई असती तर तिने दोघांचेही कान धरले असते.

अक्का, त्याला मशीनशिवाय दुसरं काही येत नाही. मीच येऊ दिलं नाही. म्हणजे जिथे असेल तिथे तो मशीनच उघडत असणार. सोपी मशीनं त्याला झोपेत जमतात. पण कधीतरी एखादं जुनं, अडेलतट्टू मशीन त्याच्यापुढे येईल. सुटे भाग मिळणार नाहीत, विचारायला कोणी नसेल, मग फोनमध्ये शोधेल. तेव्हा तिथे मी असायला हवा. म्हणून मी मेलेली मशीनं शोधून शोधून दाखवतो. हजार माणसं आली काय आणि अकरा आली काय, मला एकच हवाय.

आता तुझ्याकडे मागणं. तो आला तर स्वतःच्या नावाने येणार नाही. गोडही लिहिणार नाही, माझाच मुलगा आहे. तो चूक काढेल. तेव्हा खाली कोणी खोडी काढणारा, टोचून बोलणारा दिसला तर पुसू नकोस, मला कळव. आजवर असा कोणी आला होता का?

तुझा,
धाकटा


२ मे

धाकट्या,

उत्तराला उशीर झाला. डोळ्याचं निमित्त होतं.

तू म्हणतोस तसा कोणी अजून आलेला नाही. आला की कळवते.

आणखी एक. हे मी बहीण म्हणून नाही, मेट्रन म्हणून सांगते. तुझा हात डॉक्टरला दाखव. व्हिडिओत मला जानेवारीतच दिसलं होतं. बोलले नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. आता बोलते.

जपून राहा.

अक्का


१९ मे

अक्का,

म्हणजे तूसुद्धा.

ठीक आहे. शिवणवालीला विचारलं, ती मान खाली घालून म्हणाली की ती फोन नेहमी अशा बाजूने धरते की उजवा हात कमी दिसावा. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, पहिल्यापासून. म्हणजे सगळ्या जगाने मिळून मला सांभाळून घेतलं, आणि मी इकडे उस्तादाच्या थाटात बोलत होतो.

व्हिडिओ बंद करतोय. सव्वा वर्षात त्याने शोधलं नाही, म्हणजे त्याला माझी गरज पडली नाही. चांगलंच आहे की. पोरगा तयार झाला. या महिनाअखेर खातं पुसून टाकायला शिवणवालीला सांगितलंय. हौसेने आणून पडून राहिलेली फोन ठेवायची तिकाटणी तिलाच देऊन टाकतो, ती कपडे दाखवायला वापरेल. दुकानही आवरायचं मनात आहे.

तुझ्यावर राग नाही. तू पुष्कळ केलंस.

धाकटा


२३ मे

धाकट्या,

हे पत्र मिळेपर्यंत काहीही पुसू नकोस. शिवणवालीला आत्ताच्या आत्ता सांग. तुझ्यापाशी माझा हा एवढा हट्ट.

तो आला होता. मी त्याला बाहेर काढला.

जानेवारीत मी ज्याला कायमचा बंद केला, ती सोळा नंबरची सुई, तो तोच होता. तुझं एप्रिलचं पत्र वाचलं आणि मला ती सुई आठवली. पेटी उघडली. त्यात चौदा ओळी पडल्या होत्या. मी तुला खोटं लिहिलं की कोणी आलं नाही. त्याआधी त्याच्यावरची बंदी उठवली होती, वाटलं, आता तो परत लिहील, तुला दिसेल, आणि मी काय केलं होतं ते तुला कधीच कळणार नाही. महिना थांबले. त्याने लिहिलं नाही.

सगळं उतरवून देते. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पहिली ओळ मी पुसली होती, पण ती मला पाठ आहे.

६ जानेवारी. "हात जास्त थरथरतोय. आता पुरे करा, दुकान बंद करा आणि डॉक्टरला दाखवा." यावर माझं डोकं सणकलं, धाकट्या. मला वाटलं, कोण मेला माझ्या भावाच्या दुखण्यावर बोट ठेवतोय. मी बत्तीस वर्षांची मेट्रन. मी स्वतः ते बोलायला हवं होतं. मी गप्प बसले, आणि जो बोलला त्याला हाकलला.

मग पेटीतलं.

१४ जानेवारी. "सुई ओवायला तीनदा हात न्यावा लागला. चष्मा बदला."

२० जानेवारी. "पट्टा सैल आहे. आवाजावरून कळतंय."

१ फेब्रुवारी. "खोकला दोन ठिकाणी कापलाय, तिसऱ्या ठिकाणी राहिलाय. माळ्याखाली झोपू नका, तिथे ओल असते."

५ फेब्रुवारी. "तेलाचं छिद्र ते नाही. त्याच्या मागचं."

९ फेब्रुवारी. "हे हातमशीन आता कोणी वापरत नाही. कोणासाठी दाखवता?"

आणि मग १७ फेब्रुवारी. "काल माझ्याकडे हेच हातमशीन आलं. एका आजींचं. चार ठिकाणी नाही म्हणाले होते. तुमचा व्हिडिओ लावून केलं. चाललं."

हे वाचून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. तुला जे हवं होतं ते अगदी तसंच झालं होतं. फेब्रुवारीतच झालं होतं. आणि ते माझ्या पेटीत पडून होतं.

मधल्या ओळी वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवल्यात, सगळ्या मशीनच्याच आहेत. ही शेवटची, २२ मार्चची. "इथे बाकी सगळ्यांना उत्तर मिळतं, मला मिळत नाही. कळलं. यापुढे लिहीत नाही."

आणखी एक सांगते, म्हणजे सगळं सांगून झालं. मी तुझा एकही व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला नव्हता. तू विचारलंस तेव्हा "रोज बघते" म्हणाले. मी खालचं वाचत होते. वर तू काय दाखवतोस, ऐकू येत नाही म्हणून पाच-दहा सेकंदांत सोडून द्यायचे. मावसभावाला मी कोणत्या तोंडाने हसले? त्याने निदान "मस्त" तरी लिहिलं.

आज त्याच्या शेवटच्या ओळीखाली मी लिहिलंय. "मी आत्या. दार मी बंद केलं होतं, बाबांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्यापर्यंत तुझी एकही ओळ पोचलेली नाही. माझा पत्ता तोच आहे." वाचेल की नाही, माहीत नाही.

तू काय म्हणशील ते मला मान्य आहे.

अक्का


१४ जुलै

धाकट्या,

सात आठवडे झाले. खातं पुसलेलं नाहीस हे दिसतं, तेवढ्यावर समाधान मानते.

त्याचंही उत्तर नाही. पोस्टमन येतो तेव्हा मी खाली जाऊन उभी राहते. तो मला लाइटबिल देतो आणि म्हणतो, "आजी, वर आणून दिलं असतं की."

तुझे व्हिडिओ मी पहिल्यापासून बघतेय, आवाजाशिवाय, पूर्ण. रोज दोन. मला त्यातलं काही कळत नाही. तरी एक कळलं, तू मशीन उघडायच्या आधी त्यावर तळहात ठेवून थांबतोस. आम्ही नाडी बघायच्या आधी तसं थांबायचो.

रागाने का होईना, लिही.

अक्का


३ ऑगस्ट

अक्का,

राग आहे. गेलेला नाही. तू लिहायला सांगितलंस म्हणून लिहितो.

तुझं पत्र वाचून मी दुकानाला कुलूप घातलं आणि दोन दिवस घरात पडून राहिलो. त्या चौदा ओळींचे कागद खिशात घेऊन फिरतोय, घडीवर फाटायला आलेत. तू वाईट हेतूने केलं नाहीस हे मला कळतं. कळून राग जात नाही, त्याला मी काय करू? घाण काढ असं तुला मीच सांगितलं होतं. मला गोड हवं होतं, तू गोड ठेवलंस. निम्मा राग माझ्यावर आहे, तो तुझ्यावर काढत नाही, पण वाटे करणं कठीण जातं.

डॉक्टरकडे गेलो. गोळ्या दिल्यात. थोडा फरक पडेल, पूर्ण जाणार नाही म्हणाले. माळ्याखालून पलंग हलवला. चष्मा बदलला. पोराने सांगितलेलं सगळं केलं, सहा महिने उशिरा.

व्हिडिओ पुन्हा सुरू केलेत. पण हात कॅमेऱ्यापुढे आणवत नाही. शिवणवालीला लांबून धरायला सांगतो. ती म्हणते, लांबून काही दिसत नाही काका. मी म्हणतो, दिसू नये म्हणूनच.

किल्ली तुझ्याकडेच राहू दे. पण आता काही पुसायचं नाही. मला सुटे भाग बदलायला सांगणाराही राहू दे. आणि मला बळ द्यायचं असेल तर जे करतेयस तेच कर, शेवटपर्यंत बघ. आवडलं नाही तर तसं लिही. दुसऱ्या कोणी मला कधी तसं लिहिलं नाही. एकाने लिहिलं, ते मला वेळेवर वाचायला मिळालं नाही.

धाकटा


२८ ऑगस्ट

आत्या,

तुमची ओळ मे महिन्यातच वाचली होती. खरं वाटलं नाही. बाबांनीच तुम्हाला लिहायला लावलं असेल असं वाटलं. नंतर म्हटलं, बाबा असं करणार नाहीत, त्यांना जमायचं नाही.

मी ठीक आहे. दोन खणांचं दुकान आहे, एकटाच असतो. व्हिडिओ सगळे बघतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा लावून ठेवतो, दुकानात कोणीतरी बोलत असल्यासारखं वाटतं.

मी पत्र लिहिलं हे त्यांना सांगू नका. अजून माझं मन होत नाही. तेव्हा ते काय बोलले त्याबद्दल सहा वर्षांत त्यांनी एक शब्द काढलेला नाही. व्हिडिओत मशीनबद्दलच बोलतात.

पण एक चूक आहे ती तेवढी तुमच्या नावाने कळवा. मागच्या आठवड्यातल्या व्हिडिओत शटलचं टोक सुईपासून लांब राहिलंय, फोन लांबून धरलाय तरी टाक्याच्या आवाजावरून कळतंय. पातळ कागदाएवढंच अंतर हवं. तसंच ठेवलं तर जाड कापडावर टाके सुटतील. लोक बघून तसंच बसवतील, म्हणून सांगतोय. बाकी काही नाही.

पत्ता मागे लिहिला आहे. तो तुमच्यापुरता.


४ सप्टेंबर

धाकट्या,

आशीर्वाद. मागच्या पंधरवड्यातला शटलचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मला एक चूक दिसली ती लिहिते. शटलचं टोक सुईपासून लांब राहिलं आहे. पातळ कागदाएवढंच अंतर हवं. तसं ठेवलं तर जाड कापडावर टाके सुटतील. लोक बघून तसंच करतील, म्हणून कळवलं.

आणि हे माझं मला वाटतं म्हणून लिहिते. तू व्हिडिओत मशीनबद्दलच बोलतोस. कधी दुसरं काही बोलायचं असेल तर तेही बोल. बघणारे बघतात.

माझा डोळा बरा आहे.

अक्का


१२ सप्टेंबर

अक्का,

तुझं पत्र दुकानात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

चूक बरोबर काढलीस. मशीन परत उघडून बघितलं, अंतर खरंच जास्त होतं. पत्ते खेळताना राजा कुठला आणि गुलाम कुठला हे तुला अजून धड सांगता येत नाही, आणि शटलचं टोक कळलं. मी काहीही विचारत नाही. तूही काही सांगू नकोस. ज्याला शब्द दिलास, त्याचा शब्द पाळ.

काल त्याच मशीनचा नवा व्हिडिओ केला. शिवणवालीला म्हटलं, आज जवळून धर, अगदी हातावर. ती म्हणाली, "काका, नक्की?" पातळ कागदाचा तुकडा कापून घेतला आणि शटल आणि सुई यांच्यामध्ये सरकवायला गेलो. जमेना. कागद फडफडत होता. दोनदा पडला. ती फोन बंद करायला लागली, मी मानेनेच नको म्हटलं.

मग मी बोललो. म्हटलं, "मंडळी, माझा हात थरथरतो. सहा वर्षांपूर्वी हे एकाने मला एका गिऱ्हाइकासमोर सांगितलं होतं. तो बरोबर होता आणि मी त्याला दुकानाबाहेर काढलं. हे काम आता माझ्या हाताचं नाही. त्याच्या हाताचं आहे."

आणि कागद कॅमेऱ्यापुढे तसाच धरून ठेवला. व्हिडिओ चौदा मिनिटांचा झालाय, त्यातलं शेवटचं दीड मिनिट काहीच होत नाही. मावसभावाने अकराव्या सेकंदाला "मस्त" लिहिलंय.

धाकटा